कंटेनरवाले गोल्फ कशाला खेळवतायत?

उरण_नाका (२२ ऑक्टोबर २०२५)

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. प्रश्न अडाणी आहे, गोल्फमधलं मला ओ का ठो कळत नाही, सांभाळून घ्या.

रविवारी घरात फराळाचा कारखाना चालू होता आणि मला शंकरपाळ्या कातायला बसवलेलं, म्हणून मोबाईल मैद्याच्या डब्याला टेकवून जे लागलं ते बघत होतो. दिल्ली गोल्फ क्लबवरची मॅच लागली. रॉरी मॅक्लरॉय आलेला, टॉमी फ्लीटवूड जिंकला, झाडी एवढी दाट की म्हणे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) काढायचीच सोय नाही. हे सगळं कॉमेंट्रीतून कळलं, मला तर पांढरा बॉल दिसतच नव्हता. पण बोर्डावरचं नाव दिसलं. डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप. आणि ज्या टूरमधली ही मॅच ती टूर पण डीपी वर्ल्ड टूर.

आता आमच्याकडे डीपी वर्ल्ड म्हणजे काय हे उरण-पनवेलवाल्यांना सांगायला नको. धाकटा भाऊ न्हावा शेवाला सीएचएकडे (कस्टम्सचं काम करणारा एजंट) कामाला आहे, दिवसातून दहा वेळा त्याच्या फोनवर "डीपी वर्ल्डला बॉक्स अडकलाय, ट्रेलर गेटवर उभाय" हेच ऐकतो. बाबा म्हणाले हे आपले पोर्टवालेच का रे? म्हटलं हो. मग म्हणाले यांना गोल्फचं काय पडलंय, आधी ती ट्रेलरची लाईन हलवा म्हणावं.

तर प्रश्न असा की हे दुबईवाले, सौदीवाले गोल्फमध्ये एवढा पैसा का ओततायत? सौदीने गोल्फ विकत घेतलं असं कुठेतरी वाचलेलं, ते हेच का? आणि त्याने खेळाचं भलं झालं का वाटोळं?

---

तिसरा_फटका (२२ ऑक्टोबर)

प्रश्न अजिबात अडाणी नाही, उलट नाव वाचून कंटेनर आठवला म्हणजे बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

आधी गुंता सोडवू. डीपी वर्ल्ड दुबईची, म्हणजे दुबई सरकारच्या मालकीचीच कंपनी. जुन्या युरोपियन टूरला २०२२ पासून त्यांचं नाव लागलंय. पण तिथे ते नाव लावायचे पैसे देतात, टूर कशी चालवायची हे टूरवालेच ठरवतात. गणपती मंडळाच्या कमानीवर एखाद्या बिल्डरचं नाव असतं तसं समजा, आरती कुठली म्हणायची ते तो सांगत नाही (निदान उघडपणे तरी).

सौदीचं प्रकरण वेगळं. त्यांचा पीआयएफ नावाचा सरकारी फंड आहे, अध्यक्ष खुद्द युवराज मोहम्मद बिन सलमान आणि कारभार बघणारे यासिर अल रुमय्यान, जे आरामको या सौदी तेल कंपनीचे पण चेअरमन आहेत. यांनी दुसऱ्याच्या कमानीवर नाव न लावता शेजारीच स्वतःचं मंडळ काढलं. लिव्ह गोल्फ. पहिली स्पर्धा जून २०२२, लंडनजवळ सेंच्युरियन क्लबला. दर स्पर्धेला बक्षिसाची रक्कम अडीच कोटी डॉलर. श्वार्टझेल जिंकला त्याला वैयक्तिक आणि टीमचे मिळून ४७.५ लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने सदतीस कोटी रुपये, आणि शेवटून पहिला आला त्यालाही १ लाख २० हजार डॉलर. नेहमीच्या स्पर्धेत शुक्रवारी संध्याकाळी निम्मे लोक कट होतात आणि हात हलवत घरी जातात हे लक्षात घ्या. इथे कटच नाही. त्या स्पर्धेत ४८ जण, तीन दिवस, सगळ्यांना पैसे.

हे झालं बक्षीस. नुसतं सही करायचे वेगळे. फिल मिकलसनला २० कोटी डॉलरच्या आसपास मिळाले असं छापून आलं, जॉन राह्म २०२३ च्या डिसेंबरला गेला त्याचा आकडा ३० कोटींच्या वर सांगतात. टायगर वूड्सला ७०-८० कोटी डॉलरच्या घरात ऑफर होती असं तेव्हाचा लिव्हचा सीईओ ग्रेग नॉर्मन स्वतः बोलला होता, टायगरने नाही म्हटलं.

आता भलं की वाटोळं. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. मोठा पैसा खेळात येतो हे काही नवीन नाही. पण धंद्याचा पैसा कुठेतरी प्रेक्षकाकडे बघतो, लोक बघतील का, तिकीट घेतील का, चॅनलवाला विकत घेईल का. या पैशाला ती गरजच नाही. लिव्हची जी कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेली आहे तिचा एकट्या २०२४ चा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर, आणि त्यात अमेरिकेतला हिशोब धरलेलाच नाही. दुसरा कोणी असता तर शटर ओढून गावी गेला असता. हे चालूच. कोणी बघो न बघो दुकान उघडं ठेवणारा शेजारी आला की बाकीच्या दुकानदारांचं काय होतं ते बघा. पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य टूरने, घाबरून स्वतःची बक्षिसं वाढवली, एकेक स्पर्धा २ कोटी डॉलरची केली, आणि ते पैसे मोजक्यांनाच पुरावेत म्हणून त्या स्पर्धांत सत्तर-ऐंशीच खेळाडू घ्यायला लागले, बहुतेक ठिकाणी कट पण नाही. म्हणजे ज्याला नावं ठेवली तेच घरात आणलं. आणि २०२६ पासून पूर्ण कार्ड (टूरवर खेळायचा हक्क) १२५ ऐवजी १०० जणांनाच. मधल्या फळीतला जो महिन्याच्या महिन्याला धावपळ करून कार्ड टिकवायचा त्याचा यात चोळामोळा झाला, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

---

बोका_डोंबिवली (२२ ऑक्टोबर)

श्रीमंतांचा खेळ, श्रीमंतांचा पैसा, श्रीमंतांची भांडणं. आपण चकली खावी 😄

आणि तत्त्वज्ञान कशाला? आयपीएलच्या ऑरेंज कॅपवर आरामको होतं तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं? न्यूकॅसल क्लब २०२१ ला याच फंडाने घेतला, तिथले लोक रस्त्यावर नाचले. खेळाडूला चार पैसे जास्त मिळाले तर बिघडलं काय? तुम्हाला तिप्पट पगार देऊन रियाधला बोलावलं तर तुम्ही आधी मानवी हक्कांचा अहवाल मागवाल का? आमच्या बिल्डिंगमधले निम्मे गल्फला जाऊन आलेत, त्यांच्याच पैशावर टू बीएचके उभे आहेत.

---

तिसरा_फटका (२२ ऑक्टोबर)

@बोका, नोकरीला जाणं वेगळं आणि नोकरी देणारा कोर्टाच्या वर असणं वेगळं. हे ऐका, मला सगळ्यात भारी हेच वाटतं.

२०२२ ला पीजीए टूरने लिव्हला गेलेल्यांना सस्पेंड केलं, मग ऑगस्टमध्ये ते लोक कॅलिफोर्नियात कोर्टात गेले की ही मक्तेदारी आहे. बरोबर, अमेरिकेत हे करता येतं. पण केस पुढे गेली तसं कोर्ट म्हणालं की मग पीआयएफनेही कागद दाखवावेत, रुमय्यान साहेबांनी साक्ष द्यावी. तर त्यांचं उत्तर, आम्ही परकीय सरकार आहोत, आम्हाला तुमचं कोर्ट बोलावू शकत नाही. म्हणजे बाजारात दुकानदार म्हणून यायचं आणि पावती मागितली की राजा व्हायचं!! कोर्टाने ऐकलं नाही, साक्ष द्या म्हणालं, यांनी अपील केलं, आणि ते सगळं लटकलेलं असतानाच ६ जून २०२३ ला अचानक टीव्हीवर रुमय्यान आणि पीजीए टूरचा प्रमुख मोनाहन शेजारी शेजारी बसलेले. तह झाला. केस मागे. कागद कपाटात.

हा तोच मोनाहन बरं का ज्याने वर्षभरापूर्वी सप्टेंबर ११ च्या हल्ल्यात माणसं गेलेल्या कुटुंबांचा विषय काढून खेळाडूंना सुनावलं होतं, की पीजीए टूरचा मेंबर असल्याबद्दल कधी माफी मागावी लागलीय का तुम्हाला? खेळाडूंना तहाची बातमी ट्विटरवरून कळली. रॉरी बिचारा वर्षभर टूरच्या बाजूने भांडत होता, तो म्हणाला मला बळीचा बकरा झाल्यासारखं वाटतंय. आणि एवढं करून त्या तहाचं पुढे काही झालंच नाही. डिसेंबर २०२३ ची मुदत गेली, जानेवारी २०२४ ला पीजीए टूरने अमेरिकेतलेच क्रीडा गुंतवणूकदार गाठले, ३ अब्ज डॉलरपर्यंत देऊ म्हणाले त्यातले दीड अब्ज लगेच. या वर्षी फेब्रुवारीत टायगरसकट सगळे ट्रम्पकडे व्हाईट हाऊसला जाऊन बसले तरी गाडी तिथेच.

आणि न्यूकॅसलवाले नाचले तेव्हा निदान क्लब तोच राहिला ना, लीग तीच. इथे खेळाचे दोन तुकडे झाले. मेजर म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा सोडल्या तर राह्म आणि रॉरी एका मैदानावर बघायचे म्हणजे डीपी वर्ल्ड टूरच्या मोजक्या स्पर्धा, नाहीतर युरोप विरुद्ध अमेरिका असा रायडर कप, आणि रायडर कपलाही राह्म आणि लिव्हचाच हॅटन हे लिव्हला गेल्याबद्दलच्या दंडाविरुद्धचं अपील पेंडिंग ठेवून खेळले आत्ता सप्टेंबरमध्ये.

---

ॲडलेडची_सून (२३ ऑक्टोबर)

भाऊबीजेच्या शुभेच्छा. इथून थोडी दुसरी बाजू. कोणी बघत नाही असं वर आलंय ते अमेरिकेत खरं असेल, आमच्याकडे नाही.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो लिव्हच्या ॲडलेडच्या स्पर्धेला, द ग्रेंज क्लबवर. तीन दिवसांत लाखभर लोक. माझे सासरे आयुष्यभर गोल्फ टीव्हीवर बघतात, घरात टीव्ही लागला की आम्ही कुजबुजायचं असा नियम, त्यांना म्हटलं चला. गेटातून आत गेल्यावरच डीजे ऐकून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यात इथे शॉटगन स्टार्ट असतो, म्हणजे एकाच वेळी सगळ्या होलवरून सगळे सुरू करतात, सासरे विचारायला लागले पहिल्या नंबरवर कोण आहे ते कळणार कसं? खरंच कळत नाही, कोणाचा चौदावा होल चाललाय कोणाचा तिसरा. बाराव्या होलला तर कहर. चारी बाजूने स्टँड, हातात बिअर, शॉट चांगला बसला की प्लास्टिकचे ग्लास हवेत. २०२३ ला चेस कोपकाने तिथे होल इन वन (एकाच फटक्यात बॉल होलात) मारला तेव्हाचा व्हिडिओ बघा, बिअरचा पाऊस पडलाय अक्षरशः. मुलगा माझा नऊ वर्षांचा, त्याला तेवढंच आवडलं. सासरे म्हणाले हे गोल्फ नाही, जत्रा आहे. पण संध्याकाळी निघताना लिव्हची टोपी घेतली ती अजून घालतात 😂

का चाललं इथे ते सांगते. मोठे खेळाडू ऑस्ट्रेलियात यायचेच नाहीत, अमेरिकेतली टूर सोडून एवढ्या लांब कोण येणार. कॅम स्मिथ आमचा, तोही क्वचित दिसायचा. लिव्हने आणून उभे केले. त्यामुळे मला सरसकट शिव्या द्यायला जमत नाही.

पण आता एक वाद चाललाय. २०२८ पासून ही स्पर्धा शहराला लागून असलेल्या नॉर्थ ॲडलेडच्या सरकारी कोर्सवर नेणार, त्याचं नवं डिझाईन नॉर्मनच्या कंपनीकडे. तो कोर्स पार्कलँडमध्ये येतो, शहराभोवतीचा मोकळा हिरवा पट्टा, इथल्या लोकांचा जीव आहे त्यावर. झाडं जाणार म्हणून लोक चिडलेत, राज्य सरकारने वेगळा कायदा करून जमीन हातात घेतली. आम्ही तिथे रविवारी चालायला जातो. म्हणजे पैसा सौदीचा एकट्याचा नाही, आमचं सरकार पण त्याच्या मागे पळतंय, आणि द्यायला त्याच्याकडे आमची झाडं आहेत.

---

येरवडा_पिनहाय (२४ ऑक्टोबर)

लॉगिन फक्त या धाग्यासाठी शोधलं राव, पासवर्ड सुद्धा विसरलो होतो.

मी गोल्फवाला आहे पण पलीकडच्या बाजूचा. शाळा सुटल्यावर पाच वर्षं बॅगा उचलल्यात, कोर्सचं नाव नको. मागच्या गेटने आत, झाडाखाली बसायचं, नंबर आला की बॅग. पाण्याची बाटली मेंबरची, आपण नळावर. एकदा एक साहेब चार तास फिरून शेवटच्या होलला बॉल पाण्यात घालून बसले आणि राग माझ्यावर, टिप राहूदे ठरलेल्या पैशातले कापले, कारण मी म्हणे क्लब, म्हणजे मारायची काठी, चुकीचा दिला. आठ नंबर मागितला, आठच दिलेला.

म्हणून मला लिव्हची एक गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली जी इथे कोणी लिहिली नाही. कॅडीच्या, म्हणजे बॅग उचलणाऱ्याच्या, विमानाचा आणि हॉटेलचा खर्च लिव्ह करतं. बाकी टूरवर कॅडी आपल्या खिशातून करतो, आठवड्याचा पगार आणि बक्षिसातले टक्के, जिंकला तर साधारण दहा, नाहीतर सात नाहीतर पाच, आणि कट झाला की टक्के कशाचे काढणार? लिव्हमध्ये कटच नाही म्हणजे प्रत्येक आठवड्याला काहीतरी ठरलेलं. हा हिशोब सूट घातलेले लोक करत नाहीत. पैसा कोणाच्या हातून येतो ते मला कळतं, मी काही लहान नाही. इस्तंबूलच्या वकिलातीत त्या खशोगी पत्रकाराला मारलं ऑक्टोबर २०१८ ला, आणि पुढच्या साधारण चार महिन्यांत सौदीत पहिली मोठी स्पर्धा झाली, तीही लिव्हची नव्हे, त्याच सभ्य युरोपियन टूरची. तेव्हा बरेच मोठे गेले खेळायला. सोवळं नंतर आठवलं.

आता आपल्या अनिर्बान लाहिरीबद्दल. आपला म्हणतो कारण जन्म पुण्याचा, वडील आर्मीत डॉक्टर. मार्च २०२२ ला प्लेयर्स चॅम्पियनशिप, पीजीए टूरची स्वतःची सगळ्यात मोठी स्पर्धा, पावसाने सोमवारपर्यंत गेली, मी रात्रभर जागलो. शेवटच्या होलला एक शॉट मागे. पट्ठ्या दुसरा आला, २१ लाख ८० हजार डॉलर. पहिला कॅम स्मिथ. आणि गंमत बघा, त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी लिव्हने नवी नावं जाहीर केली त्यात स्मिथ पण आणि लाहिरी पण, एकाच यादीत. टूरच्या घरच्या कार्यातले नवरा नवरी दोघंही सहा महिन्यांत पळाले!

लाहिरी अमेरिकेच्या ब्रायसन डिशाम्बोच्या टीममध्ये गेला, क्रशर्स, २०२३ ला टीमची फायनल जिंकले. पैशाची ददात मिटली असेल. पण जागतिक रँकिंगवाल्यांनी लिव्हला गुण द्यायला नकार दिला, ऑक्टोबर २०२३ ला अर्ज फेटाळला, की तुमच्याकडे बंद दारात तेच ते लोक खेळतात, बाहेरच्याला खेळून आत यायला नीट वाट नाही. मुद्दा चुकीचा नाही. पण त्याने झालं काय, लाहिरीचं रँकिंग घसरत गेलं आणि ऑलिम्पिक रँकिंगवरच ठरतं. रिओला होता, टोकियोला होता आपल्या उदयन माने सोबत, पॅरिसला नाही. शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर गेले. ते पण चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल काही नाही. पण देशाकडून खेळायचं की पोराबाळांची सोय करायची हे एका सहीवर ठरायला नको होतं असं मला वाटतं.

आणि बायकांचं गोल्फ कोणी काढलंच नाही. फेब्रुवारी २०२३, सौदीतली आरामकोची स्पर्धा, बक्षीस ५० लाख डॉलर, पुरुषांच्या सौदी स्पर्धेएवढंच. लिडिया को पहिली, आपली अदिती अशोक एका शॉटने दुसरी. युरोपातल्या बाकीच्या स्पर्धांत मुली किती पैशावर खेळतात ते बघा मग कळेल त्या का जातात. ज्या देशात बाईला गाडी चालवायला २०१८ उजाडावं लागलं तिथे बायकांना पुरुषांएवढं बक्षीस. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मला दोन्ही खरं वाटतं.

---

बोका_डोंबिवली (२४ ऑक्टोबर)

@येरवडा दादा, प्रतिसाद वाचून चकली खाली ठेवली. आठ नंबरचा किस्सा लागला.

पण मग माझाच मुद्दा आला ना, खालच्या माणसाला मिळतायत तर घेऊ दे.

---

तिसरा_फटका (२५ ऑक्टोबर)

मिळतायत तोवर घेऊ दे, मान्य. माझी भीती त्या "तोवर" मध्ये आहे. युवराज साहेब २०२३ ला अमेरिकन चॅनलवर सरळ म्हणाले होते की स्पोर्ट्सवॉशिंग (खेळाच्या आडून प्रतिमा धुणं) म्हणा हवं तर, त्याने माझा जीडीपी एक टक्का वाढत असेल तर मी करतच राहणार. लपवाछपवी नाही, त्याबद्दल मार्क द्यायला हवेत. पण याचा सरळ अर्थ असा की ज्या दिवशी तेलाचा भाव पडला किंवा त्यांचं मन दुसऱ्या खेळावर बसलं त्या दिवशी कॅडीचं तिकीट पण बंद आणि एशियन टूरला कबूल केलेले पैसे पण. दहा वर्षांत ३० कोटी डॉलर एशियन टूरवर घालू म्हणालेत, त्यातूनच यंदा फेब्रुवारीच्या तोंडावर गुरुग्रामला इंटरनॅशनल सिरीज झाली आणि डिशाम्बो आपल्याकडे खेळून गेला. सगळ्या आशियाचं गोल्फ एका माणसाच्या मर्जीच्या नळावर. आणि प्रेक्षक नावाची दुसरी टाकी कोणी भरूनच ठेवलेली नाही. एप्रिलमध्ये अमेरिकेत एकाच रविवारी लिव्हची मायामीची स्पर्धा फॉक्सवर होती, पाच लाखांच्या आत लोकांनी बघितली, आणि पीजीए टूरची टेक्सासमधली तुलनेने साधी स्पर्धा सतरा लाखांच्या आसपास. तीन वर्षं आणि एवढे पैसे घालून.

ॲडलेडच्या ताईंचं मात्र मान्य, तिथे लोक खरंच आले. मला वाटतं ती एक जागा आहे जिथे लिव्हने कोणाच्या तरी भुकेला जेवण दिलं. बाकी ठिकाणी जेवलेल्या माणसाला आग्रह चाललाय.

---

उरण_नाका (२५ ऑक्टोबर)

अरे बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. येरवडा दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले पोरगा खरं बोलतोय.

भावाला पण सांगितलं की तुझे डीपी वर्ल्डवाले सरकारी आहेत दुबईचे. तो म्हणाला माहितीय, टर्मिनल चांगलं चालवतात, तक्रार नाही, कारण तिथे बॉक्स वेळेत नाही निघाला तर इंपोर्टर दुसऱ्या टर्मिनलला जातो. हे ऐकून मला तिसरा_फटका यांचा मुद्दा जास्त कळला. पोर्टवर पण पैसा सरकारीच आहे, पण तिथे गिऱ्हाईक आहे.

एक शंका राहिली. लिव्ह म्हणजे काय? जगणं? लिव्ह लाइफ वगैरे?

---

येरवडा_पिनहाय (२६ ऑक्टोबर)

नाही हो. रोमन आकडा आहे, एल आय व्ही म्हणजे ५४. तीन दिवस अठरा अठरा होल, झाले ५४. बाकीच्यांचे चार दिवस ७२. तेच त्यांचं वेगळेपण, नावातच आहे.

---

बोका_डोंबिवली (५ नोव्हेंबर)

धागा वर काढतोय, माफी. बातमी बघितली का? लिव्ह २०२६ पासून चार दिवस खेळणार. ७२ होल.

आता नाव काय ठेवणार, एल एक्स एक्स आय आय? 😂😂

---

येरवडा_पिनहाय (५ नोव्हेंबर)

बघितली. रँकिंगच्या गुणांसाठी चाललंय सगळं. कॅडीला मात्र एक दिवस जास्त चालायचं आहे, ते कोणी विचारलं नसणार.

---

उरण_नाका (५ नोव्हेंबर)

बाबा विचारतायत पुण्याच्या पोराच्या टीमचं नाव खरंच क्रशर आहे का. खोपट्याच्या पुढे खडी क्रशर होता तिथे ते आठ वर्षं हिशोबाला होते, म्हणून आता दर सामना लावून दे म्हणतात.